मधुमेहाचे प्रकार : वर्गीकरणाचा इतिहास आणि कृश रोगी

मधुमेह हा एकच रोग नसून रक्तातील शर्करा वाढविणाऱ्या अनेक विकारांचे ते समान नाव होय. ह्या विकारांची विभागणी कशाच्या आधारे करावयाची, ह्याचे उत्तर मात्र काळानुसार बदलत गेले. रोग्याची शरीरयष्टी, त्याला लागणारे औषध आणि रोगाचे कारण हे तीन निकष क्रमाने प्रधान ठरले. ह्या प्रवासात अन्नान्नदशेत वाढलेल्या कृश रोग्याचे स्थान अनिश्चित राहिले. त्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद आहेत. पहिल्यातील रोगी कृश व तृषार्त, दुसऱ्यातील स्थूल, बहुभोजी व निद्राप्रिय. प्रमेह ही संज्ञा मधुमेहाहून व्यापक असल्यामुळे ह्या भेदांत आजचे प्रकार जसेच्या तसे शोधणे युक्त नव्हे. तथापि फ्रेंच वैद्य लान्सेरो ह्यांनीही १८८० च्या सुमारास कृश व स्थूल असाच भेद केला, हे लक्षणीय आहे.

१८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मिन्कोव्स्की व फॉन मेरिंग ह्यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढताच त्याला मधुमेह जडल्याचे दाखविले. १९२१ साली टोरांटोत इन्शुलिन हाती आले. इन्शुलिनचा अभाव हेच सर्व मधुमेहाचे कारण, अशी समजूत होणे स्वाभाविक होते. तिला पहिला तडा हिम्सवर्थ ह्यांनी १९३६ साली दिला. काही रोग्यांवर इन्शुलिनचा प्रभाव तत्काळ पडतो, तर काहींवर अत्यल्प, असे त्यांना आढळले. पुढे १९६० साली यालो व बर्सन ह्यांनी रक्तातील इन्शुलिन प्रत्यक्ष मोजले. अनेक प्रौढ रोग्यांत ते मुबलक होते; उणीव होती ती शरीराच्या प्रतिसादात. उलटपक्षी, १९७४ साली काही रोग्यांच्या रक्तात स्वादुपिंडातील द्वीपकांविरुद्ध प्रतिद्रव्ये सापडली. शरीराची संरक्षक यंत्रणाच इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते, हे त्यावरून स्पष्ट होऊ लागले.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली मुख्य विभागणी औषधावरून केली : इन्शुलिनावलंबी व इन्शुलिन-अनवलंबी. १९८५ साली तीत कुपोषणजन्य मधुमेहाची भर पडली. ह्या रोग्यांना इन्शुलिन लागे. परंतु ते न मिळाल्यास पहिल्या प्रकारात अपेक्षित असणारी रक्तातील आम्लवृद्धी त्यांच्यात सहसा होत नसे. १९९९ साली कारणाधिष्ठित वर्गीकरण आले आणि पहिला व दुसरा प्रकार ही नावे रूढ झाली. मात्र कुपोषणामुळे थेट मधुमेह होतो ह्याचा पुरावा अपुरा ठरवून तो वर्ग वगळण्यात आला. वर्ग गेला, तरी रोगी उरलेच.

कुपोषणाचा प्रश्न दुसऱ्याही बाजूने पुढे आला. हेल्स व बार्कर ह्यांनी १९९२ साली गर्भावस्थेतील उपासमारीचा संबंध उत्तरायुष्यातील मधुमेहाशी जोडला. पुण्याजवळील खेड्यांत १९९३ पासून डॉ. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात नवजात अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम, म्हणजे इंग्रज अर्भकांहून बरेच कमी, भरले. तरीही त्यांच्या अंगी चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून होते. म्हणजे दुसरा प्रकार केवळ समृद्धीचा रोग मानणे पुरेसे नाही. वेल्लोर येथील रोग्यांवरील २०२२ च्या संशोधनात कुपोषित कृश रोग्यांत इन्शुलिनचा स्राव अपुरा, पण त्यास मिळणारा प्रतिसाद चांगला आढळला. ही स्थिती दोन्ही प्रमुख प्रकारांहून भिन्न होती. २०२५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने तिला ‘पाचवा प्रकार’ म्हणून मान्यता दिली.

हा वाद केवळ नावांचा नव्हे. पहिल्या प्रकारातील समजून अशा रोग्यास अधिक मात्रेत इन्शुलिन दिल्यास, आणि घरी पोटभर अन्न नसल्यास, रक्तशर्करा घातक प्रमाणात उतरू शकते. वर्गीकरण हे ज्ञानाचे फलित असते, तसेच चिकित्सेचा आरंभही असते. म्हणूनच पुराव्याअभावी एखादा वर्ग वगळताना, तो पुरावा शोधण्याचे प्रयत्न कितपत झाले होते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे.