गंजलेला बोल्ट आणि भिवंडीचा इतिहास

भिवंडीवर जे काही लिहिले जाते ते बहुतेक दोन गोष्टींभोवती फिरते: यंत्रमाग आणि दंगल. 1970 आणि 1984 ही साले बाहेरच्या माणसालाही पाठ असतात. पण बंद पडलेले लोखंड उघडून पुन्हा चालते करणारे जे हात या शहरात होते, त्यांची नोंद कुठल्याही पुस्तकात सापडत नाही. हा लेख त्या हातांविषयी आहे. सुरुवात करू या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरपासून.

भिवंडी म्हणजे केवळ लूमचा खडखडाट नव्हे. तालुक्यात भाताची खाचरे आहेत, वीटभट्ट्या आहेत. आगरी, कुणबी, आदिवासी आणि कोकणी मुसलमान इथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. पुढे या शेतांत ट्रॅक्टर आला. इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी 1963 साली महिंद्राच्या भागीदारीत स्थापन झाली आणि तिचा कारखाना होता कांदिवलीला, म्हणजे आपल्या शेजारीच. तिचा बी-275 हा ट्रॅक्टर जुन्या शेतकऱ्यांना आजही आठवतो.

कोकणच्या पावसात ट्रॅक्टरचा पहिला बळी जातो तो सायलेन्सरचा. नळी उभी, तोंड आभाळाकडे. शेतकरी तिच्यावर रिकामा डबा पालथा घालतो, पण वाऱ्याने तो उडाला की पाणी थेट आत. शिवाय डिझेलच्या धुरात गंधक असते. गार नळीत धुरातली वाफ पाणी होऊन साचली की त्याचे सौम्य आम्ल बनते. म्हणजे पत्रा बाहेरून पाऊस खातो आणि आतून धूर. तापणे आणि थंड होणे हे चक्र तर रोजचेच. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापते, म्हणून नट आणि स्टडच्या आट्यांमध्ये गंज फुगून बसतो आणि दोघांना एकजीव करून टाकतो.

अशा वेळी अडाणी हात मोठा पाना घालून जोर लावतो आणि स्टड इंजिनच्या बिडातच तुटतो. जाणता मिस्त्री घाई करत नाही. आदल्या दिवशी रॉकेल-डिझेल सोडून ठेवतो. हातोड्याने हलके ठोके देतो, म्हणजे गंजाला भेगा पडून तेल आत उतरते. मग गॅसच्या ज्योतीने नट तापवतो, कारण बाहेरचा नट फुगला की आतल्या स्टडवरची पकड ढिली होते. पहिल्यांदा नट किंचित आवळतो, मग सोडतो. पुन्हा आवळतो, पुन्हा सोडतो. स्टड तुटलाच तर उरलेल्या खुंटावर नवा नट वेल्डिंगने चिकटवतो आणि त्याच उष्णतेच्या आधाराने तो बाहेर काढतो. तेही जमले नाही तर बरोबर मध्यावर ड्रिल मारून नवे आटे पाडतो. परत बसवताना पितळी नट वापरतो, कारण पितळ स्टडला गंजून चिकटत नाही. पुढच्या वेळी खोलणाऱ्याची ही सोय असते.

ही विद्या इथे रुजली त्यामागे लूम आहे. 1857 नंतर मऊ, आझमगढ, बनारस भागांतले मोमीन अन्सारी विणकर दक्षिणेकडे सरकले. मालेगावात, भिवंडीत त्यांचे हातमाग उभे राहिले. विसाव्या शतकात हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. पण नवा लूम घेण्याची ऐपत किती जणांची होती? मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले लूम इथे आले. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला, त्यानंतर गिरण्यांचे पुष्कळ काम यंत्रमागांकडे वळले. गिरणीने टाकलेला लूम खोलायचा, घासायचा, तुटलेला भाग वेल्डिंगने जोडायचा, खरादेवर नवा बनवायचा आणि तीस-चाळीस वर्षे चालवायचा, हे या गावाचे शिक्षण होते. ज्या हाताने लूमचा गंजलेला बोल्ट खोलला, त्याच हाताने ट्रॅक्टरचा स्टड काढला.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून शब्दांकडे लक्ष जाते. कारखाना, कारागीर, अवजार, दुरुस्त हे शब्द फारसीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. मिस्त्री पोर्तुगीजांकडून आला. उर्दूत युद्धाचा ‘जंग’ जीमने लिहितात आणि गंजाचा ‘जंग’ झेने. मराठीत दोन्ही एकाच अक्षराने लिहितो. भिवंडीला जगाने पहिल्या जंगामुळे ओळखले. तिचे आयुष्य मात्र दुसऱ्या जंगाशी लढण्यात गेले.

कुरआनात लोखंडाच्या नावाची एक संपूर्ण सूरह आहे, अल-हदीद. लोखंडात मोठी ताकद आणि माणसांसाठी फायदे आहेत, असे तिच्यात सांगितले आहे. हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले, असेही कुरआन सांगते. एका पैगंबराने लोखंड घडवले. तरीही आपल्याच घरांत ‘शिकला नाहीस तर गॅरेजमध्ये जाशील’ अशी धमकी मुलांना दिली जाते, आणि बाहेर ‘भंगारवाला’ हा शब्द शिवीसारखा फेकला जातो. दोन्हींमागे एकच समज आहे, की हाताच्या कामात डोके लागत नाही. वरचा स्टड काढून दाखवावा!

आज शेतांवर गोदामे उभी राहिली आहेत. मंदीत सापडलेले कारखानदार लूम किलोच्या भावाने विकत आहेत. तिथे बोल्ट खोलायला कोणी बसत नाही, गॅस कटरने तुकडे होतात. खोलणाऱ्याला वस्तू पुन्हा वापरायची असते, कापणाऱ्याला फक्त वजन हवे असते. लूम गेला तर व्यवसाय जाईल, कदाचित दुसरा येईल. पण खोलण्याची विद्या गेली तर ती परत आणायला कुठले पुस्तक नाही.

म्हणून एक विनंती आहे. तुमच्या घरात कोणी अब्बा, चाचा, मामू फिटर किंवा लूमचे मिस्त्री असतील, तर या शुक्रवारी नमाजनंतर त्यांच्याजवळ बसा. ते काम कुठे शिकले, कोणाकडून शिकले, कोणता लूम कोणत्या गिरणीतून आला होता, हे विचारा आणि वहीत लिहून ठेवा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पण लिहा. आपला इतिहास आपण लिहिला नाही, तर तो फक्त दंगलीच्या अहवालांतच उरेल.