क्वेरी-समतुल्यता

रिलेशनल डेटाबेसला विचारलेल्या दोन क्वेरी कोणत्याही माहितीवर नेमके एकच उत्तर देत असतील, तर त्या समतुल्य होत. आज टेबलांत असलेल्या माहितीवर उत्तरे जुळली एवढ्याने भागत नाही. उद्या भरल्या जाणाऱ्या, अगदी रिकाम्या टेबलांवरही ती जुळली पाहिजेत.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलमुळे क्वेरी लिहिणाऱ्याने काय हवे तेवढे सांगायचे आणि ते कसे शोधायचे हे यंत्रणेने ठरवायचे, अशी विभागणी शक्य झाली. हे ठरवणारा भाग म्हणजे ऑप्टिमायझर; तो दिलेल्या क्वेरीऐवजी तिच्याशी समतुल्य पण स्वस्त असे रूप चालवतो. दहा टेबलांचा जॉइन, म्हणजे जोडणी, करण्याचे सुमारे १,७६४ कोटी क्रम संभवतात. त्यांतून निवड कशी करावी, याची पायाभूत रीत आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ प्रकल्पातील पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दिली: टेबलांच्या आकडेवारीवरून खर्चाचा अंदाज बांधायचा, आणि टेबलांच्या प्रत्येक लहान गटासाठी स्वस्त ठरलेले मार्ग जपून त्यांवर मोठा मार्ग रचायचा. खर्चाचा अंदाज चुकला तर उत्तर उशिरा मिळते. समतुल्यता चुकली तर उत्तरच चुकते, आणि तेही कुठलीही सूचना न देता. म्हणून ऑप्टिमायझरमध्ये तिचे स्थान वेगाच्या आधी आहे.

याचे बोलके उदाहरण म्हणजे ‘काउंट बग’. क्वेरीच्या पोटातली क्वेरी काढून तिच्या जागी जॉइन आणण्याची रीत वॉन किम यांनी १९८२ मध्ये मांडली. समजा, ज्या सुट्या भागांचा शिल्लक साठा त्यांच्या ठरावीक तारखेपूर्वीच्या पुरवठ्यांच्या संख्येइतका आहे, असे भाग हवे आहेत. एखाद्या भागाचा साठा शून्य आहे आणि त्याचा पुरवठाही कधी झालेला नाही. मूळ क्वेरीत मोजणी शून्य येते, शून्याला शून्य जुळते आणि तो भाग उत्तरात येतो. बदललेल्या क्वेरीत आधी पुरवठ्यांचे गट पाडून मोजणी होते. ज्याचा पुरवठाच नाही त्याचा गट पडत नाही, जॉइनला जोडीदार मिळत नाही आणि तो भाग गळतो. वेर्नर किसलिंग यांनी ही चूक दाखवली. पुढे १९८७ मध्ये गान्स्की आणि वाँग यांनी आउटर जॉइन वापरून ती दुरुस्त केली.

समतुल्यता यंत्राने तपासता येते का? केवळ निवड, प्रक्षेप आणि जॉइन असलेल्या साध्या क्वेरींसाठी येते, हे अशोक चंद्रा आणि फिलिप मर्लिन यांनी १९७७ मध्ये सिद्ध केले. मात्र तो प्रश्न एनपी-पूर्ण आहे, म्हणजे मोठ्या क्वेरींसाठी तो नेहमी झटपट सोडवणारी रीत माहीत नाही. हे उत्तर संचांपुरते आहे. एसक्यूएल पुनरावृत्त ओळी राखून ठेवते, त्यामुळे संचांवर समतुल्य असलेल्या क्वेरी तिथे वेगळ्या ठरू शकतात. वजाबाकीसह संपूर्ण रिलेशनल बीजगणित घेतले, तर असा निवाडा करणारी सर्वसाधारण पद्धतच अस्तित्वात असू शकत नाही. ऑप्टिमायझर त्यामुळे आधीच सिद्ध झालेल्या नियमांनीच क्वेरीची रूपे बदलतो.

मुंबईच्या आयआयटीत एस. सुदर्शन आणि सहकाऱ्यांनी याच अडचणीला दुसऱ्या बाजूने हात घातला. त्यांची ‘एक्सडेटा’ प्रणाली बरोबर क्वेरीत किरकोळ फेरफार झाल्यास तो उघडा पाडील अशी छोटी चाचणी-माहिती तयार करते. विद्यार्थ्यांच्या एसक्यूएल उत्तरांना गुण देतानाही ती वापरली गेली आहे.