टेबलावर पाच पिना, हातात पिस्तूल : अमेरिकेतल्या क्लबांत रंगणारा बोलिंग पिन शूटिंगचा खेळ

एक माणूस अंगात जाकीट घालतो, भरलेल्या पिस्तुलाची नळी स्वतःच्याच पोटाला लावतो आणि चाप ओढतो. गोळी जाकिटात अडकते. माणूस जराही न थांबता वळतो आणि शेजारच्या टेबलावर मांडलेल्या बोलिंगच्या पिना त्याच पिस्तुलाने एकामागून एक उडवतो.

हा सिनेमातला स्टंट नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातले रिचर्ड डेव्हिस आपला माल असा विकायचे. त्यांच्या कंपनीचं नाव होतं सेकंड चान्स आणि माल होता शर्टाच्या आत घालता येणारं, कापडाच्या थरांचं बुलेटप्रूफ जाकीट. त्या वेळी पोलिसांची शंका अशी होती की गोळी जाकिटात अडकली तरी तिच्या धक्क्याने माणूस खाली कोसळणारच, मग उपयोग काय? डेव्हिस यांचं उत्तर होतं टेबलावरच्या पिना. गोळी लागल्यावरही हात चालतो आणि नेमही लागतो, हे त्यांना पोलिसांच्या डोळ्यांसमोर दाखवायचं होतं. (असला प्रयोग कुणीही, कशाच्याही भरवशावर करू नये, हे वेगळं सांगायला नको.)

जाहिरातीतल्या या पिनांमधूनच पुढे एक खेळ उभा राहिला. १९७५च्या सुमारास डेव्हिस यांनी मिशिगनमधल्या सेंट्रल लेक या हजारभर वस्तीच्या गावात पिना उडवण्याची स्पर्धा सुरू केली. सुरुवातीला त्यात पोलिसांचा भरणा होता, आणि या जाकिटामुळे जीव वाचलेल्यांना खास मान होता. नंतर सामान्य नेमबाजही येऊ लागले. जून महिन्यात गाव पाहुण्यांनी भरून जायचं आणि जिंकणाऱ्यांना बक्षीस म्हणून बंदुका मिळायच्या. १९९८पर्यंत ही स्पर्धा चालली. पुढे बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर २०१७मध्ये त्याच गावात ती पुन्हा सुरू झाली. पण तोवर हा खेळ सेंट्रल लेकपुरता राहिलेला नव्हता. अमेरिकेतल्या कितीतरी लहान-मोठ्या शूटिंग क्लबांनी तो कधीच आपलासा केला होता.

खेळ सांगायला एक वाक्य पुरतं. टेबलावर पाच पिना एका ओळीत उभ्या असतात, २५ फुटांवरून त्या पाचही लवकरात लवकर टेबलावरून खाली पाडायच्या.

मात्र पिन नुसती आडवी करून चालत नाही. ती टेबलावरून खाली जमिनीवर पडायला हवी. या एका अटीमुळे हा खेळ बाकीच्या नेमबाजीपेक्षा वेगळा होतो. ऑलिंपिकमधल्या २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारातही पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या झाडतात आणि शेवटच्या फेरीत त्यासाठी फक्त ४ सेकंद असतात. पण तिथे गोळी कुठे लागली एवढंच मोजतात. इथे गोळी लागल्यावर पिनेचं काय झालं, हे मोजलं जातं. गोळी लागूनही पिन टेबलावरच राहिली, तर ती गोळी वाया गेली.

मॉलमध्ये बोलिंग खेळलेल्यांना ही पिन हलकी वाटलेली असते, कारण तिच्यावर येणारा चेंडू जड असतो. प्रत्यक्षात ती मेपलच्या टणक लाकडाची, वरून प्लास्टिकचा थर दिलेली असते. उंची १५ इंच, पोटाजवळची जाडी पावणेपाच इंच आणि वजन दीड किलोच्या जरा वर. तिच्यावर येणारी ४५ कॅलिबरची गोळी असते साधारण १५ ग्रॅमची, म्हणजे पिनेच्या वजनाच्या शंभराव्या भागाइतकी.

इथे नववीच्या विज्ञानातला संवेग कामाला येतो : वस्तुमान गुणिले वेग. ४५ कॅलिबरची १५ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे २५० मीटर वेगाने जाते. ९ एमएमची गोळी असते साधारण साडेसात ग्रॅमची, पण तिचा वेग सेकंदाला ३६० मीटरच्या आसपास. दोघींची ऊर्जा काढली तर जवळपास सारखीच भरते, पावणेपाचशे ज्यूलच्या घरात. संवेग मात्र ४५ कॅलिबरचा एक-तृतीयांशाहून जास्त निघतो. लाकडात रुतलेली गोळी पिनेला ढकलते ती संवेगाच्या जोरावर. त्यामुळे गोळी बरोबर मध्यावर रुतली तर ४५ कॅलिबरमुळे पिनेला सेकंदाला सव्वादोन मीटरच्या आसपास वेग मिळतो, ९ एमएममुळे पावणेदोनच्या आसपास आणि सरावाच्या २२ कॅलिबरमुळे जेमतेम अर्धा मीटर. २२ची गोळी पूर्ण पिनेला लागली की पिन डुलते, फार तर आडवी होते आणि तिथेच पडून राहते.

म्हणून क्लबांनी सोय काढलेली असते. जड काडतूस वापरणाऱ्याच्या पिना टेबलाच्या पुढच्या भागात ठेवतात, म्हणजे त्यांना मागे बरंच अंतर कापावं लागतं. ९ एमएमवाल्याच्या पिना मागे सरकवतात आणि २२वाल्याच्या अगदी मागच्या कडेला नेतात. काही ठिकाणी २२ कॅलिबरसाठी पिनेचा फक्त वरचा कापलेला भाग वापरतात. त्यामुळे महागडं पिस्तूल नसलेल्या नवशिक्यालाही उतरता येतं. क्लबांत हा खेळ टिकण्यामागे या सोयीचा वाटा मोठा आहे.

मग सगळ्यात जड काडतूस घेतलं की काम झालं? तसं नाही. जितका धक्का पिनेला, तितकाच हातालाही. गोळी सुटली की पिस्तुलाचं तोंड वर उडतं, ते खाली आणून पुढच्या पिनेवर धरायला वेळ जातो. पिना पाच असल्याने हा वेळ चार वेळा मोजावा लागतो. जोर हवा तर वेग जातो, वेग हवा तर जोर. या खेळातली सगळी डोकेफोड या दोन टोकांमध्ये चालते. म्हणूनच १९८०च्या दशकात खास पिनांसाठी बनवलेल्या बंदुका आल्या. नळी जड, आणि तिच्या टोकाला वरच्या बाजूने वायू सोडणारा जोड. बाहेर पडणारा वायू तोंड खाली दाबतो आणि नेम लवकर परत बसतो. रिव्हॉल्व्हरवालेही मागे नव्हते. रिव्हॉल्व्हरने वेगात नेम मारण्यासाठी जगभर ओळखले जाणारे जेरी मिक्युलेक यांचं नाव गाजलं त्यात या पिनांचा मोठा हात होता. साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या सहा आणि पिना पाच. चुकायला जागा एकाच गोळीची.

गोळीच्या आकाराचाही प्रश्न असतो. पिन गोल असते आणि प्लास्टिकमुळे गुळगुळीतही. गोल टोकाची गोळी जरा कडेला लागली की घसरून निघून जाते आणि पिन नुसती गिरकी घेते. टोकाला खळगा असलेली गोळी लाकडाला चावते, त्यामुळे बरेच जण तीच घेतात.

नेम धरायचा तो पिनेच्या पोटावर. तिचा गुरुत्वमध्य तळापासून साडेपाच ते सहा इंचांवर असतो. त्याच्या आसपास गोळी लागली तर पिन सरळ मागे उडते. मानेत लागली तर डोकं मागे जातं, पाय पुढे येतात आणि पिन टेबलावर लोळते. मान तशीही जेमतेम दोन इंचांची, म्हणजे तिथे नेम धरण्यात दुहेरी तोटा. लोळणाऱ्या पिनेला अमेरिकन नेमबाज डेडवूड म्हणतात. तिच्याइतका मनस्ताप या खेळात दुसरा नाही. ती आडवी पडली तर गोळीने लोटता तरी येते. पण डोकं नेमबाजाकडे करून पडली तर समोर उरतो लिंबाएवढा गोलवा, आणि त्यावरून गोळी घसरायला टपलेलीच असते.

क्लबातली लढत बहुतेक वेळा दोघांची असते. शेजारी शेजारी दोन टेबलं, प्रत्येकावर पाच पिना. दोघेही पिस्तूल दोन्ही हातांत धरून, तोंड खाली तिरकं करून उभे राहतात. कमरेच्या म्यानातून शस्त्र उपसायचं नसतं, त्यामुळे नवख्या माणसाकडून होणारी सगळ्यात धोक्याची चूक आधीच टळते. बीप वाजतो. ज्याचं टेबल आधी रिकामं होतं तो फेरी जिंकतो, तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा पुढे जातो. पट्टीचे नेमबाज तीन-चार सेकंदांत टेबल साफ करतात. दहा सेकंदांत पाच पिना गेल्या तरी नवशिक्या खूश असतो.

शेजारच्या टेबलावरून धडाधड आवाज येत असतो. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतं की त्याच्या तीन पिना गेल्या, आपली एकच. हात आपोआप घाई करतो, चाप नीट दाबण्याऐवजी हिसकला जातो आणि गोळी मानेत लागते किंवा दोन पिनांच्या मधून जाते. चुकलेली गोळी भरून काढायला आणखी एक गोळी आणि तिचा वेळ जातो. पाच सावकाश गोळ्या आठ घाईच्या गोळ्यांआधी संपतात, हे प्रत्येकाला माहीत असतं. बीप वाजल्यावर ते आठवणं हीच खरी परीक्षा.

सुरक्षेच्या नियमांत मात्र कसलीही सूट नसते. सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर संरक्षण, बघ्यांच्याही, कारण शिशाचे बारीक कण कधीकधी मागे येतात. पिस्तूल भरायचं ते रेषेवर उभं राहूनच. नवीन पिना मांडायला माणसं टेबलाकडे जाण्याआधी प्रत्येक शस्त्र रिकामं करून पंच स्वतः तपासतो आणि त्या वेळात शस्त्राला हातही लावायचा नसतो. घरी जाण्याआधी हात धुणं हेही नियमातच धरतात, कारण शिसं पोटात जाणं वाईट.

या खेळाच्या जनकाची पुढची कहाणी तितकीशी उजळ नाही. १९६९मध्ये डेट्रॉइटमध्ये पिझ्झा पोचवताना लुटारूंशी गोळीबार झाला आणि त्यातून जाकिटाची कल्पना सुचली, असं डेव्हिस सांगत आले. दिग्दर्शक रमीन बहरानी यांच्या २०२२च्या माहितीपटाने या कथेवरही प्रश्न उभे केले. त्याहून गंभीर होतं झायलॉन या धाग्याचं प्रकरण. तो धागा काळानुसार कमकुवत होत होता. २००३मध्ये अमेरिकेत पोलिसांच्या अंगावरच्या झायलॉनच्या जाकिटांतून गोळ्या आरपार गेल्या, एका अधिकाऱ्याचा जीव गेला. २००४मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २००५मध्ये अमेरिकी सरकारी संस्थेने झायलॉनच्या जाकिटांची मान्यता काढली. ‘गोळी लागली तरी माणूस उभा राहतो’ हे दाखवायला ज्या पिना मांडल्या होत्या, त्या उरल्या त्या फक्त खेळापुरत्या.

आज बऱ्याच क्लबांनी पोलादी चकत्यांकडे मोर्चा वळवला आहे. चकती पडली की दोरी ओढून पुन्हा उभी करता येते आणि ती वर्षानुवर्षं टिकते. पिनांचं तसं नाही. त्या बोलिंग सेंटरमधून वापरून टाकलेल्या, स्वस्तात किंवा फुकट गोळा करून आणाव्या लागतात आणि प्रत्येक फेरीनंतर कुणीतरी वाकून उचलाव्या लागतात. त्यात दर गोळीगणिक पिन बदलत जाते. ४५ कॅलिबरच्या दहा गोळ्या आत रुतल्या तर दीडशे ग्रॅम शिसं वाढलं, म्हणजे मूळ वजनाच्या जवळजवळ दहावा हिस्सा. म्हणून चांगला पंच मांडताना बघतो की जुन्या, जड झालेल्या पिना एकाच टेबलावर जमा होत नाहीत ना. प्लास्टिक सोलवटलं, लाकूड फाटलं, तळ तिरका होऊन पिन उभी राहीना झाली, की ती टेबलामागच्या ढिगात फेकली जाते आणि पोत्यातून दुसरी निघते.