एका ध्वनिमुद्रिका-यादीचा इतिहास

व्यापारी पेढीची खरी हकीकत तिच्या कीर्दखतावणींत असते. त्याचप्रमाणें ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या संस्थेची खरी हकीकत तिच्या यादींत असते. तबकडीच्या पाकिटाच्या कडेला एक बारीक क्रमांक छापलेला असतो. विकत घेणारा मनुष्य गायकाचें नांव पाहतो, चित्र पाहतो, किंमत विचारतो. क्रमांकाकडे त्याचें लक्ष जात नाहीं. परंतु हेच क्रमांक एकापुढें एक मांडून पाहिले, म्हणजे संस्थेच्या चालकानें कोणत्या वर्षीं कशावर पैसा घातला आणि कोणत्या कलावंतावर विश्वास ठेवला, हें हळूहळू उलगडूं लागतें.

लंडनची ‘म्यूट रेकॉर्ड्स’ ही संस्था इलेक्ट्रॉनिक संगीतासाठीं प्रसिद्धीस आली. ज्या संगीतांत तार, कातडें किंवा फुंक यांचा नाद नसून विद्युन्मंडलांतून निर्माण केलेला नाद असतो, तें हें संगीत. १९७८ सालापासून वाढत गेलेली या संस्थेची यादी दोन कारणांसाठीं वाचण्याजोगी आहे. लोकप्रिय तबकडीच्या मिळकतीवर दुर्बोध तबकडी कशी जगते, हें तींत दिसतें; आणि यादी रचणारा एक व तिचा मालक दुसरा, अशी स्थिति कशी उद्भवते, हेंहि तींत दिसतें.

संस्थेचे संस्थापक डॅनियल मिलर यांचा जन्म १९५१ सालीं लंडनमध्यें झाला. त्यांचे आईवडील दोघेहि रंगभूमीवरचे, आणि हिटलरच्या राजवटीपासून सुटून इंग्लंडांत आश्रयास आलेले. वडील मार्टिन मिलर हे १९३९ सालीं लंडनमध्यें निघालेल्या ‘लाटर्न्डल’ या निर्वासितांच्या नाट्यगृहाच्या संस्थापकांपैकीं एक होते; तेथें जर्मन भाषेंत प्रयोग होत. चिरंजीवांनीं नाटकाऐवजीं चित्रपटाची वाट धरली आणि चित्रपट-संकलकाचे साहाय्यक म्हणून काम केलें. संकलनाच्या खोलींत ज्या फितीवर केवळ चित्र असतें आणि आवाज नसतो, तिला ‘म्यूट’, म्हणजे मुकी, म्हणतात. संगीताच्या संस्थेला हें नांव मिळालें तें तेथून.

१९७८ सालीं मात्र संस्था काढण्याचा मिलर यांचा विचार नव्हता. त्यांनीं कॉर्ग कंपनीचा ‘७०० एस’ हा वापरलेला सिंथेसायझर घेतला होता. या यंत्रांतून एका वेळीं एकच स्वर निघतो. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तरी दोन स्वर उमटत नाहींत. त्यामुळें गाणें उभें करावयाचें तर एक ओळ फितीवर घ्यावयाची, मग तीच ऐकत शेजारच्या पट्टीवर दुसरी ओळ भरावयाची, असें करावें लागे. चार पट्ट्यांच्या एका ध्वनिमुद्रण-यंत्रावर मिलर यांनीं घरींच अशीं दोन गाणीं बसविलीं आणि त्यांवर ‘द नॉर्मल’ असें टोपणनांव घातलें. एका बाजूला ‘टी. व्ही. ओ. डी.’ आणि दुसऱ्या बाजूला ‘वॉर्म लेदरेट’. दुसऱ्या गाण्याची कल्पना जे. जी. बॅलर्ड यांच्या १९७३ सालच्या ‘क्रॅश’ या कादंबरीवरून सुचलेली होती. गाण्यांत ना वाद्यवृंद होता, ना आळवणी. यंत्राचे ठोके आणि त्यांवर बोलल्यासारखा एक सपाट आवाज, एवढाच काय तो ऐवज.

मिलर पांचशें प्रती काढण्याच्या बेतांत होते. परंतु पश्चिम लंडनमधील ‘रफ ट्रेड’ या दुकानाच्या चालकांनीं नमुना ऐकून विक्रीची जबाबदारी पत्करली, आणि २००० प्रती निघाल्या. पाकिटावर मिलर यांनीं आपल्या घराचा पत्ता छापला होता. तो वाचून अनोळखी तरुण आपापल्या फिती टपालानें पाठवूं लागले, आणि एका माणसाच्या तबकडीची आपोआप संस्था झाली. १९८० सालीं ग्रेस जोन्स या प्रसिद्ध गायिकेनें ‘वॉर्म लेदरेट’ आपल्या ढंगानें गाऊन त्याच नांवाचा ध्वनिमुद्रिका-संग्रह काढला. परंतु तोंवर म्यूटची यादी पुष्कळ पुढें गेली होती.

या यादीच्या दोन मुख्य मालिका आहेत. लहान तबकड्यांच्या मालिकेस ‘म्यूट’ हेंच नांव दिलेलें आहे. मोठ्या तबकड्यांच्या मालिकेस ‘श्टुम’ हा शब्द लावलेला आहे. जर्मन भाषेंत मुका या अर्थीं तो शब्द येतो. निर्वासितांच्या जर्मन नाटकांशीं ज्या घराचें नातें, त्या घरांतल्या मुलानें आपल्या यादीवर जर्मन शब्द घालावा, हें अगदीं स्वाभाविक होय.

मोठ्या तबकड्यांचे पहिले पांच क्रमांक पाहावेत. पहिला क्रमांक जर्मनीच्या ‘डी. ए. एफ.’ या मंडळीचा, १९८० सालचा. दुसरा ‘सिलिकॉन टीन्स’ यांचा. हे चारहि कुमार-कुमारिका काल्पनिक असून वाजविणारे स्वतः मिलरच होते, आणि जुनीं रॉक-अँड-रोल गाणीं त्यांनीं विद्युत्-वाद्यांवर बसविलीं होतीं. तिसरा ‘फॅड गॅजेट’ या नांवानें गाणारे फ्रँक टोव्ही यांचा. १९७९ सालीं निघालेली लहान मालिकेंतली दुसरी तबकडीहि त्यांचीच. चौथा अमेरिकेच्या बॉइड राइस यांचा. त्यांत सूर नाहीं, केवळ गोंगाटाच्या आकृति आहेत. आणि पांचवा, १९८१ सालचा, ‘डिपेश मोड’ या बॅसिल्डन गांवच्या चार पोरांचा. त्यांतलीं गाणीं मात्र इतकीं सोपीं आणि गोड कीं इंग्लंडांत तीं घरोघर पोंचलीं.

गोंगाटाची तबकडी चौथी आणि लोकप्रिय गाण्यांची पांचवी, हा शेजार हेंच या यादीचें मर्म होय. डिपेश मोडशीं मिलर यांनीं लेखी करार केला नव्हता. खर्च वजा जातां उरेल त्यांतलें निम्में संस्थेचें, निम्में कलावंतांचें, असा तोंडी शब्द झाला, आणि त्या शब्दावर वर्षानुवर्षें व्यवहार चालला. पहिल्याच तबकडीनंतर त्यांचे प्रमुख गीतकार व्हिन्स क्लार्क बाहेर पडले. पण ते संस्था सोडून गेले नाहींत. १९८२ सालीं गायिका ॲलिसन मॉयेट यांच्यासह ‘याझू’ या नांवानें त्यांनीं काढलेली मोठी तबकडी यादींत सातवी आहे. पुढें १९८८ सालीं निघालेली ‘इरेझर’ची ‘दि इनोसंट्स’ पंचावन्नावी आहे. चौसष्टावा क्रमांक डिपेश मोडच्या १९९० सालच्या ‘व्हायोलेटर’चा, तिची कीर्ति अमेरिकेपर्यंत पोंचली.

या ठळक क्रमांकांच्या मधल्या जागा कोणी भरल्या? सतराव्या जागीं १९८४ सालची निक केव्ह यांची पहिली ‘बॅड सीड्स’ तबकडी आहे. तींत सिंथेसायझरपेक्षां पियानो आणि गिटार अधिक. चव्वेचाळिसाव्या जागीं त्या वेळच्या युगोस्लाव्हियांतून आलेल्या ‘लायबाख’ मंडळीची १९८७ सालची ‘ओपस देई’ आहे. लष्करी चालीच्या या संगीतानें श्रोत्यांत वाद माजविला. १७२ वा क्रमांक मोबी यांच्या १९९९ सालच्या ‘प्ले’चा. त्याच कलावंताची १९९६ सालची तबकडी पडली होती. तरीहि संस्थेनें त्यांस सोडलें नाहीं. ‘प्ले’ आरंभीं मंदपणें खपली आणि पुढें जगभर तिच्या एक कोटीहून अधिक प्रती गेल्या. केवळ विक्रीचे आंकडे पाहून यादी केली असती, तर हा क्रमांक तींत आलाच नसता.

याशिवाय म्यूटनें ‘द ग्रे एरिया’ या नांवाची एक शाखा उघडली होती. तिचें काम नवें काढण्याचें नव्हे. ‘कॅन’, ‘थ्रॉबिंग ग्रिसल’, ‘कॅबरे व्होल्टेअर’ अशा पूर्वसूरींच्या जुन्या ध्वनिमुद्रिका पुन्हां बाजारांत आणण्याचें होतें. आपल्या यादीची मुळें आपल्या आधींच्या यादींत आहेत, आणि तीं मुळें श्रोत्याच्या हातीं लागलीं पाहिजेत, ही जाणीव त्यामागें होती.

यानंतर कथेला कलाटणी मिळाली. मे २००२ मध्यें मिलर यांनीं ही संस्था ईएमआय या बलाढ्य कंपनीस सुमारें २ कोटी ३० लक्ष पौंडांना विकली. ईएमआय म्हणजे १९३१ सालीं ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया यांच्या मीलनांतून झालेली कंपनी. ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचें तिचें चित्र महाराष्ट्रांतल्या जुन्या घरांनाहि परिचित आहे. मिलर हे प्रमुख म्हणून राहिले. २०१० सालीं त्यांनीं ईएमआयशीं समझोता करून ‘म्यूट’ पुन्हां स्वतंत्र केली. परंतु जुन्या ध्वनिमुद्रिकांचे हक्क ईएमआयकडेच राहिले. घराची पाटी परत मिळाली, माजघर मिळालें नाहीं.

पुढें २०१२ सालीं युनिव्हर्सल कंपनीनें ईएमआयचा ध्वनिमुद्रिकांचा व्यवसाय घेतला. एकाच कंपनीच्या हातीं फार मोठा बाजार जाऊं नये, म्हणून युरोपियन कमिशननें कांहीं भाग विकून टाकण्याची अट घातली. त्या भागांत म्यूटचा जुना संग्रह होता. तो जर्मनीच्या बी. एम. जी. कंपनीनें घेतला. जर्मन शब्दाखालीं क्रमांक घातलेली यादी, दहा वर्षांत तीन मालक पाहून, अखेर जर्मन कंपनीच्या दप्तरीं गेली.

अशा व्यवहारांत विकलें जातें तें काय? मूळ फिती, त्यांच्या प्रती काढण्याचा हक्क, आणि त्यांवर येणारें उत्पन्न. नव्या मालकानें त्यांची निगा उत्तम राखली, असें होऊं शकतें. मोठ्या कंपनीपाशीं भांडवल असतें आणि कोठारहि असतें. परंतु हजारों शीर्षकांच्या मालकाला प्रत्येक शीर्षक स्वतंत्रपणें उभें राहून पैसा देईल काय, हाच प्रश्न पडतो. पांचव्या क्रमांकानें चौथ्याला सांभाळावें, ही रीत हक्कपत्रांत लिहिलेली नसते. ती रचणाऱ्याच्या मनांत असते.

स्वतंत्र झालेल्या म्यूटनें यादी पुढें चालू ठेवली, नवी मालिका आरंभिली नाहीं. २०१९ सालीं श्टुम मालिकेचा ४३३ वा क्रमांक निघाला. अमेरिकन संगीतकार जॉन केज यांची १९५२ सालची ‘चार मिनिटें तेहेतीस सेकंद’ ही रचना प्रसिद्ध आहे. तींत वादक वाद्यापाशीं बसतो आणि कांहींच वाजवीत नाहीं, आणि श्रोत्याच्या कानीं सभोंवतालचे आवाज तेवढे पडतात. म्यूटशीं या ना त्या काळांत संबंध आलेल्या पन्नासांहून अधिक कलावंतांनीं ही नि:शब्द रचना आपापल्या जागीं ध्वनिमुद्रित केली, आणि त्या सर्व आवृत्त्या एका पेटींत घालून ४३३ हा क्रमांक तिला दिला. नफा कर्णनादाच्या रुग्णांसाठीं आणि संगीत-व्यवसायांतील लोकांच्या मानसिक आरोग्यासाठीं काम करणाऱ्या संस्थांना देण्याचें ठरलें.

त्या पेटींतलीं नांवें वाचलीं म्हणजे यादीचा आरंभच पुन्हां समोर येतो. पहिल्या लहान तबकडीचा ‘द नॉर्मल’ तींत आहे; काल्पनिक ‘सिलिकॉन टीन्स’ आहेत; गोंगाटाचे बॉइड राइस आपल्या ‘नॉन’ या नांवानें आहेत; डिपेश मोड आहेत. २००२ सालीं, संस्था विकली गेली त्याच वसंतांत, फ्रँक टोव्ही वारले होते; त्यांच्या स्मरणार्थ ‘फॅड गॅजेट’ या नांवाचीहि शांतता तींत आहे. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांपैकीं पुष्कळांचे हक्क या वेळीं परक्या दप्तरांत होते, आणि तरीहि त्या सर्वांना एका क्रमांकाखालीं बोलावणें जुन्या यादीच्या कर्त्याला शक्य झालें. त्यासाठीं एकहि जुनी फीत कोणाकडे मागावी लागली नाहीं.