एडी रॉबिन्सन यांचे विजय

एडी रॉबिन्सन १९४१ साली लुइझियानातील एका छोट्या कृष्णवर्णीय महाविद्यालयात (पुढे ते ग्रॅम्ब्लिंग या नावाने गाजले) अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक झाले. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या संघाने नऊच्या नऊ सामने जिंकले. प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळाला नाही. दक्षिणेतील गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती, त्यामुळे उत्तमोत्तम खेळाडू रॉबिन्सन यांच्याकडेच येत.

१९८५ मध्ये त्यांनी अलाबामाच्या बेअर ब्रायंट यांचा ३२३ विजयांचा विक्रम मोडला. रॉबिन्सन यांचे प्रतिस्पर्धी दुय्यम होते, हा आक्षेप मला अप्रामाणिक वाटतो. बरोबरीच्या संघांशी खेळण्याची मुभा त्यांना होतीच कुठे? खुद्द ब्रायंट यांच्या मुख्य संघातून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरला तो १९७१ साली!

दारे उघडली आणि गुणी मुले मोठ्या विद्यापीठांकडे वळली. ज्या बदलाने अन्याय ओसरला, त्यानेच ग्रॅम्ब्लिंगचे बळही ओसरले. १९९७ मध्ये रॉबिन्सन ४०८ विजयांनिशी निवृत्त झाले, पण अखेरच्या तिन्ही हंगामांत पराभवच अधिक होते. त्यांच्या जागी आला त्यांचाच विद्यार्थी डग विल्यम्स, १९८८ मध्ये सुपर बोल जिंकून देणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक.