हौशी मंडळींचा ‘मिकाडो’

अभिजात नाट्यकृती कोण जिवंत ठेवतो, या प्रश्नाचे उत्तर बहुधा थोर नटांच्या आणि मोठ्या नाटकमंडळ्यांच्या नावाने दिले जाते. इंग्रजी विनोदी संगीतिकेचा इतिहास पाहता या उत्तराला पुरवणी जोडावी लागते. डब्ल्यू. एस. गिल्बर्ट (१८३६–१९११) आणि आर्थर सलिव्हन (१८४२–१९००) यांनी १८७१ ते १८९६ या काळात मिळून चौदा संगीतिका रचल्या. त्यांतील बहुतेक आजही रंगमंचावर येतात. याचे श्रेय व्यावसायिक रंगभूमीला आहेच. पण दिवसाची नोकरी आटोपून संध्याकाळी शाळेच्या वा चर्चच्या सभागृहात तालमीला जमणाऱ्या हौशी मंडळींचा त्यातील वाटा काकणभर अधिकच ठरावा.

या संगीतिका हौशी मंडळींच्या झाल्या, त्याचे कारण त्यांच्या घडणीतच आहे. गिल्बर्टने संवाद आणि पदे लिहिली ती स्पष्ट शब्दोच्चार आणि अभिनय यांवर भर देणाऱ्या नटांसाठी. त्याच्या विनोदी नायकाच्या भूमिका प्रथम रंगवणारा जॉर्ज ग्रॉस्मिथ हा पट्टीचा गायक नव्हता, पियानोवर विनोदी गाणी म्हणणारा रंजनकार होता. दुसरे असे, की यांत वृंद हे एक पात्रच असते. ‘पिनफोर’मधील खलाशी, ‘आयोलँथी’मधील उमराव, ‘मिकाडो’मधील शाळकरी मुली यांच्यावाचून कथा पुढे सरकत नाही. वेतन देणाऱ्या मंडळीला तीस-चाळीस जणांचा वृंद हा खर्च वाटतो, तर हौशी संस्थेला तोच आधार असतो. जितके गाणारे अधिक, तितके वर्गणीदार अधिक आणि तिकिटे घेणारे आप्तेष्टही अधिक. शिवाय गिल्बर्टने तत्कालीन प्रहसनांतील ग्राम्यता कटाक्षाने टाळली होती. त्यामुळे सभ्य मध्यमवर्गीय घरांतील स्त्रीपुरुषांना रंगमंचावर पाऊल ठेवणे सोपे गेले.

मराठी वाचकाला येथे एक तुलना सुचेल. ‘आयोलँथी’ लंडनमध्ये प्रथम रंगली ती १८८२ च्या नोव्हेंबरात. त्याच महिन्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’चे पहिले तीन अंक पुण्यात रंगमंचावर आले. दोन्हींत प्रसन्न विनोद आहे, दोन्हींत गाणे कथेशी एकजीव झालेले आहे. परंतु मराठी संगीत नाटकाचा भार लवकरच रागदारीत मुरलेल्या गायकनटाच्या गळ्यावर येऊन पडला. तसा गळा नसेल, तर हौशी मंडळींचा प्रयोग अपुरा वाटू लागतो. गिल्बर्ट-सलिव्हनच्या संगीतिकांचा भार अनेकांच्या खांद्यांवर वाटलेला आहे. मंडळींमधील एखादा गळा बेताचा असला, तरी प्रयोग उभा राहतो.

ही मालकी मंडळींना सहजासहजी मिळाली नाही. निर्माता रिचर्ड डॉयली कार्ट याने या संगीतिकांसाठी १८८१ मध्ये सॅव्हॉय नाट्यगृह बांधले. त्याच्या घराण्याने प्रयोगाचे हक्क पुढे कित्येक दशके आपल्या हाती ठेवले. ब्रिटनमधील हौशी संस्थांना परवाना मिळे, तो संहिता व संगीत जसेच्या तसे राखण्याच्या अटीवर. गिल्बर्टच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी, म्हणजे १९६१ च्या अखेरीस, संहितांचा स्वामित्वहक्क संपला आणि कोणालाही कसाही प्रयोग करण्याची मोकळीक मिळाली. मौज अशी, की पुष्कळशा संस्थांनी ही मोकळीक लगेच वापरली नाही. पंखा कोणत्या शब्दावर मिटावा, पाऊल कोणत्या मात्रेवर पडावे, हे एका पिढीने दुसरीला शिकवलेले तसेच चालू राहिले. १९८२ च्या फेब्रुवारीत डॉयली कार्ट मंडळीचा शतकभर चाललेला संसार आटोपला. १९८८ मध्ये त्याच नावाने नवी मंडळी उभी राहिली, तिचे प्रयोगही २००३ मध्ये थांबले. मधल्या पोकळीत ही देहबोली सांभाळली ती प्रामुख्याने हौशी मंडळींनी.

मात्र जसेच्या तसे सांभाळणे म्हणजेच वारसा चालवणे काय, हा प्रश्न पुढे उभा राहिला. तो सर्वांत तीव्रतेने विचारला ‘मिकाडो’ने. १४ मार्च १८८५ रोजी सॅव्हॉयमध्ये आलेल्या या संगीतिकेचे पहिल्याच मोसमात ६७२ प्रयोग झाले. तितिपू नावाच्या कल्पित जपानी गावात प्रेमचेष्टेला देहदंड आहे, देहदंडाची शिक्षा झालेला शिंपीच राजवधिक नेमला गेला आहे आणि उरलेली सारी पदे एकाच गर्विष्ठ गृहस्थाने बळकावली आहेत. हा उपहास इंग्लंडच्या नोकरशाहीचा, हे उघड आहे. परंतु वेश जपानचा. त्या वर्षी नाइट्सब्रिज येथे भरलेल्या जपानी ग्रामप्रदर्शनातील स्त्रियांकडून सॅव्हॉयच्या नटींनी पंख्याचे आणि चालण्याचे धडे घेतले. बारकावे खरे होते. माणसे, त्यांची नावे आणि त्यांचा देश मात्र खेळण्यातला होता.

या वेशाची अडचण पूर्वीच्या पिढ्यांनाही जाणवली होती. १९०७ मध्ये जपानी राजपुत्र फुशिमी यांच्या भेटीच्या वेळी सरकारने या संगीतिकेवर काही आठवडे बंदी घातली. १९४८ मध्ये तर संहितेतील एक वर्णद्वेषी शब्द खुद्द रूपर्ट डॉयली कार्ट यांनी ए. पी. हर्बर्ट यांच्याकडून बदलून घेतला. जसेच्या तसे राखण्याची अट घालणाऱ्या घराण्यानेच ही दुरुस्ती केली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अमेरिकेत हा प्रश्न २०१४ मध्ये ऐरणीवर आला. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या सिएटलच्या गिल्बर्ट-सलिव्हन संस्थेने ‘मिकाडो’ सादर केला, तेव्हा जपानी पात्रे मुख्यतः श्वेतवर्णीय नटांनी रंगवल्याबद्दल आशियाई वंशाच्या नागरिकांनी जाहीर निषेध नोंदवला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका व्यावसायिक मंडळीने अशाच टीकेनंतर आपले नियोजित प्रयोग रद्द केले आणि २०१६ मध्ये नवी मांडणी करून ते पुन्हा रंगमंचावर आणले. परंपरेच्या अभिमान्यांना हा कलेवरील आघात वाटला. विरोधकांचे म्हणणे असे होते, की विनोद इंग्लंडवर असला तरी रंगवलेला चेहरा आमचा आहे. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते, म्हणूनच वाद सहज मिटण्याजोगा नव्हता.

या वादाच्या तेरा वर्षे आधी एका जपानी गावाने त्याला अनपेक्षित उत्तर देऊन ठेवले होते. तोक्योच्या वायव्येला डोंगरांत वसलेले चिचिबू हे रेशमाच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध. गिल्बर्ट ‘मिकाडो’ लिहीत होता त्याच १८८४ साली कर्जात बुडालेल्या तेथील शेतकऱ्यांनी सरकारविरुद्ध उठाव केला होता. ‘तितिपू’ म्हणजे आपले चिचिबूच, असा तर्क तेथे रूढ झाला. त्याला पुरावा नाही, पण २००१ मध्ये गावकऱ्यांनी त्या तर्काच्या बळावर ‘मिकाडो’ जपानी भाषेत रंगमंचावर आणला. पुढे २००६ मध्ये हाच संच इंग्लंडमधील बक्सटन येथे भरणाऱ्या गिल्बर्ट-सलिव्हन महोत्सवात आला. ज्यांचे सोंग शतकभर इतरांनी काढले, त्यांनीच ते सोंग आपले म्हणून, आपल्या भाषेत, मूळ मालकांच्या अंगणात सादर केले.

चिचिबूच्या प्रयोगाने सिएटलचा प्रश्न सुटत नाही. स्वतःची थट्टा स्वतः करणे आणि दुसऱ्याने आपला चेहरा रंगवून घेणे यांत अंतर आहे. पण हौशी रंगभूमीचे सामर्थ्य कशात आहे, हे त्यातून कळते. मूळ चौकट मोडू नये म्हणून परवाने देणाऱ्यांनी प्रयोगाची शिस्त राखली, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तरीही ती शिस्त पिढ्यान्‌पिढ्या टिकली, ती गावोगावच्या माणसांनी तिच्यात आपला आनंद ओतला म्हणून. संहिता वारशाने मिळते. ती कोणाच्या तोंडून, कोणासमोर आणि कोणाच्या नावाने बोलावी, याचा निवाडा प्रत्येक पिढीच्या मंडळींना तालमीच्या पहिल्या संध्याकाळी नव्यानेच करावा लागतो.