खोडलेला 'ही'

शाळेतल्या नोकरीत माझं निम्मं आयुष्य छापील कागद भरण्यात गेलं. दाखला, प्रगतिपुस्तक, शिष्यवृत्तीचा अर्ज. कागदावर 'कुमार' छापलेलं असायचं आणि मुलगी असली की आम्ही पुढे एक वेलांटी काढून 'कुमारी' करायचो. पन्नास-पन्नास वेलांट्या एका बैठकीत! त्यात काही वावगं आहे असं कधी मनात आलं नाही.

त्या वेलांट्या आठवल्या त्या ए. ललिता यांच्या पदवी प्रमाणपत्रामुळे. मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९४३ साली इलेक्ट्रिकल इंजिनिअर झालेल्या या बाई. भारतातल्या अगदी पहिल्या महिला इंजिनिअरांपैकी. प्रमाणपत्रावर इंग्रजीत 'ही' छापलेलं होतं, ते खोडून हाताने 'शी' लिहावं लागलं. (मराठीच्या बाईला गंमत वाटते. आपल्याकडे 'ही' म्हणजे बाईच की!) विद्यापीठाने कागद छापला तेव्हा अशी कोणी येईल हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं.

ललिता यांचा जन्म १९१९ चा. लग्न लहानपणी झालं. १९३७ साली नवरा गेला तेव्हा त्या अठरा वर्षांच्या आणि मुलगी चार महिन्यांची. त्या काळच्या विधवेचं पुढे काय होई, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. पण वडील, पप्पू सुब्बाराव, गिंडीलाच इलेक्ट्रिकलचे प्राध्यापक होते. मुलीला शिकवायचं त्यांनी ठरवलं.

इथे मी थबकले ती एका साध्या गोष्टीपाशी. बाईने शिकायचंच तर डॉक्टर व्हावं, असा तेव्हाचा रिवाज. मद्रासला बायका डॉक्टर होतही होत्या. ललिता यांनी तो रस्ता घेतला नाही, कारण डॉक्टरला रात्री-अपरात्री उठून जावं लागतं. घरी तान्हं मूल. त्यांना ठरावीक वेळेला संपणारं काम हवं होतं. म्हणजे विजेची आवड होती, घरात तेच वातावरण होतं, हे खरंच. पण इंजिनिअरिंगकडे त्या वळल्या त्यात पाळण्यातल्या मुलीचा वाटा मोठा.

१९४० साली प्रवेश मिळाला. वडिलांनी प्राचार्य चाको यांच्याकडे शब्द टाकला, सरकारी मंजुरी आणली. शेकडो मुलांत ही एकटी. वसतिगृहात राहायची सोय झाली, मुलगी जवळच नातलगांकडे, शनिवार-रविवार भेट. मुलांनी त्रास दिला नाही, पण एकटेपणा खायला उठे. तेव्हा वडिलांनी कॉलेजला आणखी मुली घ्यायला लावलं आणि लीलम्मा जॉर्ज व पी. के. थ्रेसिया या दोघी सिव्हिलला आल्या. युद्धामुळे अभ्यासक्रम काही महिन्यांनी आटोपता घेतला, म्हणून तिघी एकाच वर्षी पदवीधर झाल्या. थ्रेसिया पुढे १९७१ मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या.

ललिता जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारीला गेल्या, मग सिमल्याला सरकारी नोकरी, मग १९४८ पासून कलकत्त्याला असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजमध्ये. विजेच्या वाहिन्या, उपकेंद्रांचे आराखडे हे त्यांचं काम. भाक्रा-नांगलच्या विजेशीही त्यांचा संबंध आला. पण नकाशा बघा. सिमल्यालाच का? तिथे भाऊ राहायचा. कलकत्ताच का? तिथे दुसरा भाऊ. नोकरी कुठे हे पदवीने ठरवलं नाही, मूल सांभाळणारं घर कुठे आहे त्याने ठरवलं. १९६४ साली न्यूयॉर्कला महिला इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिला त्या गेल्या, तेही खासगी हैसियतीत, कारण पाठवणारी संघटना इथे नव्हतीच. १९७७ ला निवृत्त झाल्या आणि दोनच वर्षांत, १९७९ मध्ये, साठाव्या वर्षी गेल्या.

आता हे सगळं मी का उकरते आहे, ते सांगते.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. गणितात अशी, की फळ्यावर माझी चूक ती हळूच दाखवायची. दहावी झाल्यावर तिचे वडील मला विचारायला आले. "बाई, जिल्ह्याच्या गावी डिप्लोमाला घालू का? मशीनचं म्हणते." मी लगेच विचारलं, "राहणार कुठे?" मुलींचं वसतिगृह नव्हतं. नातलग नव्हते. वडील गप्प झाले. मग मीच सुचवलं, डी.एड. करू दे, घराजवळ होईल. मला तेव्हा फार शहाणपणाचं बोलल्यासारखं वाटलं होतं. मी चौकशीचं एक पत्रसुद्धा लिहिलं नाही कुठे. एखाद्या ओळखीच्या घरी खोली मिळाली असती की नाही, कोण जाणे.

ती चांगली शिक्षिका झाली. मुख्याध्यापिका होऊन निवृत्तीला आली आहे. गुरुपौर्णिमेला न चुकता येते आणि मला त्याच दिवशी नेमकं तोंड लपवावंसं वाटतं.

२०१८ पासून आयआयटीत मुलींसाठी जादा जागा ठेवल्या, ते चांगलंच झालं. छापील कागदही बदलले.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला तेव्हा मी तिला ललिता यांची गोष्ट सांगितली. खोडलेल्या 'ही'ला ती हसली. भाक्राचं कौतुक वाटलं. मग जरा थांबून म्हणाली, "बाई, कॉलेजात असताना त्यांची मुलगी कुणाकडे होती म्हणालात?"

"नातलगांकडे," मी म्हटलं.

"हं," म्हणाली ती, आणि शाळेतल्या नव्या शिपायाची तक्रार सांगायला लागली.